ताडाची राख आणि चर्चची शाळा

३ मार्च २०२५ ला, सोमवारी, चौथ्या तासाला आमच्या शाळेच्या चॅप्लेनबाई, म्हणजे शाळेच्या पाद्रीबाई, प्रेप रूमच्या, म्हणजे प्रयोगांची तयारी करायच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात एक जाडसर खाकी पाकीट. मी नववीच्या वर्गासाठी मोरचुदाचं द्रावण करत होते, त्यामुळे मान वर न करताच म्हटलं, "या, बसा, दोन मिनिटं." त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्याकडे ते धूर ओढून घेणारं काचेचं कपाट आहे ना? मला थोडं जाळायचंय."

पाकिटात ताडाच्या पानांचे क्रूस होते. बोटभर रुंदीच्या वाळक्या पट्ट्या दुमडून, एकात एक अडकवून केलेले. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या सुमाराला चर्चमध्ये आणि चर्चच्या शाळांमध्ये हे वाटतात. इंग्लंडात ताड कुठला उगवायला! यातले बरेचसे टांझानियातून विणून येतात. आदल्या वर्षी वाटलेले क्रूस मुलांनी बाकाखाली, दप्तरात, ब्लेझरच्या खिशात ठेवले, विसरले, कुणीकुणी आणून परत दिले. ते वर्षभर चॅप्लेनबाईंच्या खोलीत एका टोपलीत साठले होते. जुने क्रूस जाळायचे आणि त्यांची राख पुढच्या राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला लावायची, अशी रीत. वसईकडच्या वाचकांना हे मी सांगायला नकोच.

एरवी ही राख डबीत तयार मिळते, आणि आम्ही तीच आणायचो. शिवाय २०२४ मध्ये राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला, नेमका हाफ टर्मच्या, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीत आला होता. शाळेत काही झालंच नाही. २०२५ मध्ये तो ५ मार्चला, भर शाळेच्या दिवसांत. आणि बाईंचं म्हणणं होतं की ज्या मुलांच्या हातात हे क्रूस होते, त्यांच्याच कपाळाला त्याच क्रुसांची राख लागावी. मला ते पटलं. मी म्हटलं, "उद्या तिसऱ्या तासाला कपाट रिकामं आहे. मी जाळून देते."

हे सगळं लिहायचं कारण माझी आई. ती देवळालीला असते. दर रविवारी फोन होतो आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी ती विचारते, "तू नक्की शाळेत आहेस की चर्चमध्ये?" नऊ वर्षं झाली. मी लंडनमधल्या एका चर्च ऑफ इंग्लंडच्या माध्यमिक शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक आहे. शाळेचं नाव इथे लिहीत नाही, मुलं लहान आहेत. पण अशी शाळा म्हणजे काय, कुणी काढली आणि आत दिवसभर काय चालतं, हे आईला फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगून झालंय. आता एकदा सलग सांगते.

आपल्याकडे मिशनची शाळा म्हटलं की डोळ्यांपुढे फी, इंग्रजी आणि मोठं फाटक येतं. माझ्याही यायचं. देवळालीत बार्न्स स्कूल आहे, टेकडीवर. माझ्या लहानपणी त्या शाळेची मुलं रांगेने जाताना दिसायची. पॉलिश केलेले बूट, एकसारखे मोजे. आम्ही झेडपीच्या शाळेतली पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून बघायचो. ती शाळा आमच्या गावात, पण आमची नव्हे. त्यामुळे इथे नोकरी लागली तेव्हा मला पहिला धक्का बसला तो हा, की इथली चर्चची शाळा सरकारी असते. फी नाही. शिक्षकांचे पगार सरकारी पैशांतून. आमच्या शाळेतली बरीच मुलं दुपारचं जेवणही फुकट जेवतात. आसपासच्या कौन्सिलच्या घरांतली, सोमाली, पोलिश, तमिळ, गुजराती, घानाची, आयर्लंडची. पॉलिशचे बूट सगळ्यांचे नसतात.

आणि मुळात या शाळा निघाल्याच गरिबांसाठी.

व्हिक्टोरिया स्टेशनपासून चालत पाच-दहा मिनिटांवर ग्रेकोट प्लेस म्हणून जागा आहे. तिथे ग्रे कोट हॉस्पिटल नावाची मुलींची शाळा आहे. हॉस्पिटल म्हणजे दवाखाना नव्हे. जुन्या इंग्रजीत आसऱ्याची जागा. एका शनिवारी मी मुद्दाम बघायला गेले. इमारतीच्या दर्शनी भागावर दोन पुतळे आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी, जुन्या काळच्या करड्या पोशाखात. मी समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभी होते. देवळालीच्या रस्त्यावर उभी राहायचे तशीच. फरक इतकाच की आता आत काय असतं ते मला माहीत होतं.

ही शाळा ३० नोव्हेंबर १६९८ रोजी, संत अँड्र्यूच्या सणाच्या दिवशी निघाली. काढणारे कोण? बिशप नव्हे, उमराव नव्हे. वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गारेट पॅरिशमधले, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीतले आठ दुकानदार. एक चीज विकणारा, एक कापडवाला, एक पुस्तकवाला आणि बाकीचे साबण, मेणबत्त्या, झाडू, चामड्याच्या वस्तू असले धंदे करणारे. प्रत्येकाने साडेबारा शिलिंग घातले. त्या रकमेवर आपल्या पॅरिशमधल्या गरिबांच्या पोरांना शिकवायची व्यवस्था सुरू झाली. राजवाडा, पार्लमेंट, वेस्टमिन्स्टर ॲबीचं मोठं चर्च सगळं हाकेच्या अंतरावर, आणि त्याच गल्ल्यांत उघडी-नागडी पोरं भटकत होती. रोज दुकान उघडताना या आठांना ती दिसत असणार.

मला या गोष्टीतली सगळ्यात आवडते ती वर्गणी नव्हे. वर्गणी एकदा द्यायची असते. हे आठ जण दर मंगळवारी जमायचे. कुठलं मूल घ्यायचं ते आई-बापांना भेटून, कोण जास्त अडलेलं आहे ते बघून ठरवायचे. पोरांचे कपडे, खाणं, सगळ्याची खरेदी स्वतः बघायचे. रविवारी पोरांबरोबर चर्चमध्ये जायचे. दुकानाचा धंदा सांभाळून दर आठवड्याला हे. माझे वडील सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचे, त्यामुळे कामाच्या दिवशी दुकान सोडून बसणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक परत जातं.

तीन वर्षांत, १७०१ मध्ये, शाळा आत्ताच्या जागी आली. तिथे आधी कामघर होतं, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घ्यायची जागा. ती घेऊन मुला-मुलींचं वसतिगृह केलं. १७०६ मध्ये ॲन राणीने सनद दिली. १८७४ मध्ये ती मुलींची दिवसाची शाळा झाली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून इमारत जळली, ती नव्याने उभी राहून १९५५ मध्ये परत उघडली. आज तिथे प्रवेश मिळावा म्हणून मोठमोठ्या लोकांची धडपड असते. एका पंतप्रधानांची मुलगीही तिथे होती. आठ दुकानदारांनी कुणासाठी काढली होती ते आठवलं की मला याचं थोडं वाईट वाटतं. पण शाळा चांगली निघाली की हे होतंच, आणि शाळा चांगली निघाली हा काही गुन्हा नव्हे.

करडा कोट हे नावच पोशाखावरून. त्याच भागात निळ्या कोटाची शाळा होती, हिरव्या कोटाची होती. रस्त्यात पोर दिसलं की कोटावरून कळावं, हे कुणाचं. त्या काळात इंग्लंडभर पॅरिश-पॅरिशमध्ये अशा धर्मादाय शाळांची लाट आली होती, आणि ती लाट जहाजात बसून आपल्याकडेही आली. मुंबईत फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उघडलं. ते ज्यांनी पुढाकार घेऊन पूर्ण केलं त्या रिचर्ड कॉब नावाच्या पाद्रींनी त्याच सुमारास चर्चला जोडून गरीब मुलांसाठी छोटी धर्मादाय शाळा काढली. पुढे १८१५ मध्ये आर्चडिकन (वरिष्ठ पाद्री) जॉर्ज बार्न्स यांनी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी काढून तो कारभार हाती घेतला, शाळा भायखळ्याला गेली, आणि १९२५ मध्ये तिथून देवळालीच्या टेकडीवर आली. बार्न्स स्कूल! हे मला लंडनमध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं. आमच्या दुकानाच्या समोरून रांगेने जाणारी ती मुलं आणि ग्रेकोट प्लेसच्या भिंतीवरची ती दोन पोरं एकाच गोतातली. मी लगेच आईला फोन लावला. तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते. आई म्हणाली, "बरं. पण तू जेवलीस का?"

इंग्लंडची पुढची गोष्ट झपाट्याने सांगते. १८११ मध्ये चर्चने नॅशनल सोसायटी काढली. तिच्या मुख्य माणसांत जोशुआ वॉटसन नावाचे एक वाइनचे व्यापारी होते. परत दुकानदारच बघा. प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा, असा त्यांचा ध्यास. सरकारने सगळ्या मुलांसाठी शाळा उभारायचा कायदा केला १८७० मध्ये, म्हणजे चर्चच्या जवळजवळ साठ वर्षं मागून. मग १९४४ चा मोठा शिक्षण कायदा आला. त्याने चर्चच्या शाळांना सरकारी व्यवस्थेत घेतलं. ज्या शाळांना चर्चचा अधिकार जास्त हवा त्यांनी इमारतीच्या खर्चाचा वाटा उचलायचा, तेव्हा तो निम्मा होता, आता दहा टक्के आहे. ज्यांना परवडत नाही त्यांनी अधिकार सोडायचा. त्याच कायद्याने रोजची सामुदायिक उपासना आली, आणि तीही फक्त चर्चच्या नव्हे, सगळ्याच सरकारी शाळांना. आई-वडिलांना नको असेल तर मुलाला त्यातून काढता येतं.

आज चर्च ऑफ इंग्लंडच्या साधारण ४,६०० शाळा आहेत आणि त्यांत दहा लाखांच्या आसपास मुलं. पण बहुतेक सगळ्या प्राथमिक. माध्यमिक जेमतेम दोनशेच्या वर. कारण उघड आहे: खेड्यातल्या पॅरिशला एक खोली आणि एक मास्तर परवडायचा, प्रयोगशाळा, कार्यशाळा, क्रीडांगण कुठून आणणार? ही उणीव भरून काढा, शंभर माध्यमिक शाळांएवढी भर घाला, असं लॉर्ड डिअरिंग यांच्या समितीने २००१ मध्ये चर्चला सांगितलं. त्यानंतर बऱ्याच नव्या शाळा निघाल्या.

त्यांतली एक माझ्या मनात घर करून आहे, कारण तिचं नाव रसायनशास्त्राशी जोडलेलं आहे. पश्चिम लंडनमध्ये ग्रीनफर्डला २०१३ मध्ये विल्यम पर्किन चर्च ऑफ इंग्लंड हायस्कूल उघडलं. नाव संताचं नाही, रसायनशास्त्रज्ञाचं. १८५६ मध्ये, ईस्टरच्या सुट्टीत, अठरा वर्षांचा पर्किन घरच्या छोट्या प्रयोगशाळेत डांबरातून निघणाऱ्या पदार्थापासून क्विनीन बनवायला बघत होता. हिवतापावरचं औषध. ते काही जमलं नाही; भांड्याच्या तळाशी काळा चिकट गाळ उरला. दुसरा कुणी फेकून देता. याने तो स्पिरिटमध्ये विरघळवला आणि जांभळा रंग निघाला, जगातला पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला कृत्रिम रंग. पुढच्याच वर्षी वडील आणि भावाला घेऊन त्याने ग्रीनफर्डला कालव्याच्या काठी कारखाना टाकला. त्याच गावच्या शाळेला त्याचं नाव, आणि मुलांचे ब्लेझर जांभळे. बसमध्ये ती मुलं दिसली की मला करडा, निळा, हिरवा कोट आठवतो. तेव्हा कोटावरून कळायचं हे कुठल्या धर्मादाय शाळेचं पोर. आता कळतं, याच्या गावात एका पोराने एकदा गाळ फेकून दिला नव्हता.

आता दिवस कसा जातो ते.

मी सव्वासातला पोचते. प्रेप रूमच्या दारावर एक खोका आहे, त्यात शिक्षकांच्या मागणीच्या चिठ्ठ्या. "पहिला तास, आठवी, बर्नर १५, मॅग्नेशियमची फीत." "तिसरा तास, दहावी, बटाटे." मी ट्रॉल्या लावते. आठ-वीसला फाटक उघडतं आणि हेडसर तिथे उभे. ऊन, पाऊस, बर्फ, काहीही असो. प्रत्येक पोराला नावाने गुड मॉर्निंग. ज्याच्याकडे टाय नाही त्याला खिशातून टाय. हो, त्यांच्या कोटाच्या खिशात जादा टाय असतात. मी आधी एका दुसऱ्या शाळेत होते. तिथे टाय विसरला की पोर दिवसभर एकट्या खोलीत. त्यामुळे या खिशातल्या टायची किंमत मला जास्त वाटते.

साडेआठला हजेरी आणि मग उपासना. आठवड्यातून एक दिवस प्रत्येक इयत्ता हॉलमध्ये, बाकी दिवस वर्गात. बाहेरच्यांना वाटतं तासभर भजन-प्रवचन चालत असेल. वीस मिनिटंही नसतात. एक मूल पुढे येऊन मेणबत्ती लावतं. ती बॅटरीवरची आहे, कारण हॉलच्या छताला धुराचा अलार्म आहे आणि तो वाजला तर हजारावर पोरं मैदानात काढावी लागतात. कुणीतरी एक गोष्ट वाचतं, बायबलमधली किंवा वर्तमानपत्रातली. एक गाणं. मग चॅप्लेनबाई म्हणतात, "मी आता प्रार्थना करणार आहे. ज्यांना ती आपली करायची असेल त्यांनी शेवटी आमेन म्हणा. बाकीच्यांनी नुसतं शांत बसा, आपापल्या मनात जे असेल ते घेऊन." हे वाक्य त्या रोज म्हणतात, एक दिवसही गाळत नाहीत. आणि मग एक मिनिट शांतता. अकरा-बारा वर्षांची पावणेदोनशे मुलं गप्प बसली की रेडिएटरमधल्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. पहिल्या वर्षी मला तो ऐकून कसंतरी झालं होतं. आमच्या झेडपीच्या शाळेत पसायदानाच्या शेवटच्या ओळीनंतर असाच अर्धा क्षण असायचा, मग घंटा.

मग तास. इथे कुणाला वाटेल की चर्चची शाळा म्हणजे विज्ञानाच्या वर्गात अडचण. मला नऊ वर्षांत एकदाही आली नाही. उत्क्रांती शिकवली जाते, डोळ्याचं विच्छेदन होतं, महास्फोट शिकवला जातो, आणि शेजारच्या वर्गात धर्मशिक्षणाच्या तासाला तीच मुलं बायबलमधला उत्पत्तीचा अध्याय वाचून भांडत असतात. धर्मशिक्षण सगळ्यांना, आणि सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला दोन धर्म. आमच्याकडे ख्रिस्ती आणि इस्लाम. एकदा अकरावीतली एक मुलगी मला विचारत होती की मिस, हिंदूंमध्ये हे कसं असतं. मी म्हटलं, कुठल्या हिंदूंमध्ये? माझ्या आईला विचारलंस तर एक उत्तर, मामाला विचारलंस तर दुसरं. तिने ते वहीत लिहून घेतलं.

एक गोष्ट मात्र मला आवडत नाही, आणि ती सांगायला हवी. चर्चच्या बऱ्याच शाळांत प्रवेशाच्या अर्जाला एक पुरवणी अर्ज असतो. मूल आणि आई-वडील चर्चला किती वेळा जातात ते त्यावर व्हिकरनी, म्हणजे तिथल्या पाद्रींनी, सही करून द्यायचं. मग होतं काय, की अकरा वर्षांचं मूल शाळेत जायची वेळ आली की चर्चमधले बाक भरतात आणि प्रवेश झाला की रिकामे होतात. ज्या आईला रविवारी सफाईच्या कामावर जावं लागतं ती मागे पडते. त्या आठ दुकानदारांनी कोण जास्त अडलेलं आहे ते बघितलं होतं. बाकावर कोण जास्त बसलंय ते मोजणं ही उलटी दिशा आहे. नव्या शाळांपैकी कितीतरी शाळा धर्म न विचारता परिसरातल्या मुलांसाठी जागा ठेवतात. सगळ्यांनीच तसं करावं असं मला मनापासून वाटतं.

दुपारच्या सुट्टीत चॅप्लेनबाईंच्या खोलीचं दार उघडं असतं. मुलं तिथे पत्ते खेळतात, डबा खातात, रडतात. मागच्या हिवाळ्यात एका मुलाचे वडील गेले. चार दिवसांनी तो शाळेत आला. बाईंनी त्याला विचारलं, तुला काय हवंय? प्रार्थना, शांत जागा, घरी जायचंय? तो म्हणाला, "मला काहीतरी काम द्या." त्या त्याला घेऊन प्रेप रूममध्ये आल्या. मी ॲप्रन दिला, हातमोजे दिले, आणि परीक्षानळ्यांचा ट्रे पुढे ठेवला. चाळीस नळ्या. प्रत्येकीत ब्रश घालून, फिरवून, उलटी करून रॅकवर. तो काही बोलला नाही आणि मीही नाही. दुसऱ्या दिवशी परत आला. तीन आठवडे येत होता. त्या तीन आठवड्यांत माझ्याकडे एकही नळी मळकी राहिली नाही. मग एक दिवस आला नाही. मैदानात फुटबॉल खेळताना दिसला.

तर मंगळवार, ४ मार्च, तिसरा तास. कॅन्टीनमधून पॅनकेकचा वास येत होता, कारण उपवासाआधीचा मंगळवार. मी क्रूस कात्रीने बारीक कापले. पोर्सेलीनच्या रुंद वाटीत घालून वाटी त्या धूर ओढणाऱ्या कपाटात ठेवली, पंखा लावला, काच खाली ओढली आणि बर्नर पेटवला. आधी गवत पेटल्यासारखा वास आला, मग पट्ट्या वळल्या, काळ्या पडल्या, कडांना लाल रेघ धावली. चॅप्लेनबाई गॉगल लावून शेजारी उभ्या होत्या. चिमट्याने खालीवर करत मी वीसेक मिनिटं तापवत राहिले, पण पूर्ण पांढरी होऊ दिली नाही. कपाळावर दिसायला काळेपणा हवा. निवल्यावर खलात घालून घोटली आणि चहाच्या गाळणीने चाळली. तीसेक क्रुसांची जेमतेम दोन चमचे राख.

बाई म्हणाल्या, "आता यात थोडं पाणी घालते म्हणजे चिकटेल."

मी त्यांचा हात धरला. खरंच धरला. "पाणी नको."

माझी आजी चुलीच्या राखेने भांडी घासायची. तिच्या बोटांना कायम चिरा असायच्या आणि थंडीत त्यांतून रक्त यायचं. आम्ही म्हणायचो, थंडीने होतं. थंडीने नव्हे, राखेने. झाडा-पानांच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. पाणी लागलं की ते क्षार होऊन कातडीला खातं. पूर्वी याच पाण्याने कपडे धूत. मी चिमूटभर राख काचपट्टीवर घेतली, दोन थेंब पाणी टाकलं आणि दर्शक कागद बुडवला. कागद निळा-जांभळा झाला. बाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग मी स्टाफरूममधून ऑलिव्ह तेल आणलं. तेलात राख छान मिळून येते, कातडीला बाधत नाही. छोट्या बाटलीत भरून माझ्या सवयीप्रमाणे लेबल लावलं: "ताडाची राख, तेलात. पाणी घालू नये. ४/३/२५."

बुधवारी हॉलमध्ये सातवीची मुलं होती. त्या वर्षीचा योग असा, की २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र झाली, त्या शनिवार-रविवारी रमजान लागला आणि बुधवारी हे. मागच्या रांगांमध्ये रोजे धरलेली मुलं होती, मधे कुठेतरी गुजराती मुली, ज्यांनी आठवड्यापूर्वी घरी कपाळाला भस्म लावलेलं. बाईंनी सांगितलं, ज्याला हवं त्याने यावं, कुणी कुणाकडे बघू नये. वाटी धरायला त्यांनी मला बोलावलं होतं. त्या अंगठा बुडवून कपाळावर क्रूस काढत होत्या आणि प्रत्येकाला हळू आवाजात म्हणत होत्या: तू माती आहेस आणि मातीला जाऊन मिळशील, हे लक्षात ठेव. अकरा वर्षांच्या मुलांना. कुणी हसलं नाही. एका मुलाच्या पुढे केसांची झुलपं होती. त्याने स्वतःच दोन्ही हातांनी केस मागे धरले आणि डोळे घट्ट मिटले.

सगळ्यांत शेवटी बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला राग किंवा संकोच नव्हता. ते शब्द म्हणजे त्यांच्यातलं एक वचन आहे, चाळीस दिवस निभावायचं. जे मी निभावणार नाही ते मी कपाळावर कशाला घ्यावं? त्यांनी हसून मान डोलावली आणि वाटीचा काठ पुसून घेतला.

रांग लावून मुलं गेली. रोजा असलेली दोन मुलं खुर्च्या आवरायला थांबली. त्यांतल्या एकाने विचारलं, "मिस, ही राख तुम्ही केली? लॅबमध्ये?" मी हो म्हटलं. "मग त्यात काय काय आहे?" मी त्याला कार्बन सांगितला, पोटॅशियम सांगितलं, तेल का घातलं ते सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे लिटमस निळा?" मी म्हटलं, शाबास.

सहाव्या तासाला वरच्या मजल्यावर व्यायामाच्या तासाला जाणारी मुलं दिसली. काहींनी कपाळ पुसलं होतं, काहींचं घामाने पसरलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी, २०२६ मध्ये, राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला येणार होता, परत हाफ टर्ममध्ये. बाई म्हणाल्या, सुट्टीनंतरच्या सोमवारी करू, क्रूस जपून ठेवा म्हणून मुलांना आत्ताच सांगते.

साडेचारला मी खल धुवायला घेतला. दिवसभर विसरूनच गेले होते. तळाशी कोरडी राख चिकटली होती. नळ सोडला आणि हातमोजा न घालताच बोटांनी घासलं. पहिल्या पाण्याला बोटं गुळगुळीत झाली, साबण लावल्यासारखी. आजीची भांडी घासतानाची पाठ आठवली. मी भरपूर पाणी सोडून हात धुतले आणि कोल्ड क्रीम लावलं.

रविवारी आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तेलात कालवलीस ते बरं केलंस."